याकुत्स्कचा हिवाळा

पूर्व सायबेरियात लेना नदीकाठी वसलेल्या याकुत्स्क शहरात जानेवारीत उतरणाऱ्या प्रवाशाला थंडी प्रथम श्वासात जाणवते. नाकातला ओलावा क्षणात गोठतो, पापण्यांवर हिमकण धरतात आणि चष्म्याच्या धातूच्या काड्या कातडीला चिकटू लागतात. या महिन्याचे सरासरी तापमान उणे ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. वारा पडलेला असल्याने जड, थंड हवा खोऱ्यात साचते आणि उंचीबरोबर तापमान घटण्याऐवजी वाढत जाते; तापमानाच्या या विपरीततेमुळे धुराड्यांतले, मोटारींतले आणि माणसांच्या उच्छ्वासातले बाष्प वर न जाता हिमकणांचे दाट धुके होऊन रस्त्यावरच रेंगाळते.

याकुत्स्क ६२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्याच्याही उत्तरेला असलेल्या आइसलँडच्या रेक्याविकमध्ये मात्र जानेवारीची सरासरी शून्याच्या जवळपास राहते. हा फरक समुद्रसान्निध्याचा आहे. सुमारे १ कोटी ७१ लाख चौरस किलोमीटरच्या रशियात अटलांटिकवरून येणारे पश्चिमी वारे पूर्वेकडे सरकताना उष्णता व ओलावा गमावतात, दक्षिणेच्या व पूर्वेच्या पर्वतरांगा इतर महासागरांचा प्रभाव अडवतात, आणि आर्क्टिक तर हिवाळ्यात स्वतःच गोठलेला असतो. अशा खंडांतर्गत प्रदेशाच्या हवामानाला विषम हवामान म्हणतात: याच प्रदेशातल्या व्हर्खोयान्स्क येथे १८९२ साली उणे ६७.८ अंशांची, तर २० जून २०२० रोजी ३८ अंशांची नोंद झाली.

शहरात हिंडताना बहुमजली इमारती खांबांवर उभ्या असलेल्या आणि गरम पाण्याचे नळ जमिनीवरून नेलेले दिसतात, कारण खाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे किमान सलग दोन वर्षे शून्य अंशाखाली राहिलेली जमीन आहे. शेर्गिन नावाच्या कारभाऱ्याने येथे १८२८ ते १८३७ या काळात पाण्यासाठी विहीर खणली. ती ११६ मीटरांवर गेली तरी माती गोठलेलीच निघाली. उन्हाळ्यात वितळतो तो फक्त वरचा पातळ थर. त्याखालची गोठलेली जमीन पाणी खोल मुरू देत नाही, म्हणूनच तुटपुंज्या पावसावरही लार्च वृक्षांची अरण्ये तग धरतात. खांबांमधल्या मोकळ्या जागेतून वाहणारी थंड हवा घराची ऊब जमिनीपर्यंत पोहोचू देत नाही, नाहीतर इमारतीखालची जमीन वितळून खचेल. येथील वस्तीला उणे चाळीस अंशांची सवय आहे. तिला खरा धोका जमीन वितळण्याचा आहे.