१ ऑक्टोबरच्या आधी

मिशिगनमध्ये १ ऑक्टोबरला धनुष्यबाणाने हरणाची शिकार खुली होते. बंदूकवाल्यांची पाळी १५ नोव्हेंबरला. परसात २० यार्डांवरून नेम जमतोय, पण तो सपाट जमिनीवरचा. मचाणावरून कमरेत वाकून सोडायचा बाण वेगळाच, म्हणून आज डेकवरून, जाड जॅकेट घालून सराव केला. सुरक्षापट्ट्याची शिवण एका जागी उसवलीय, नवा आणायला हवा. त्यात काटकसर नको.

कपडे बिनवासाच्या साबणाने धुतले. फोडणीच्या घरात हे म्हणजे थट्टाच! आई फोनवर म्हणाली, "अरे, हरणाला तुझा हिंग आधी कळेल." खरंय. इथल्या व्हाइटटेल हरणाचं नाक भारी तिखट. हरणं येतात त्या ओकच्या झाडांकडे वारा वाहत असेल, तर त्या दिवशी मचाणावर चढायचंच नाही.

परवाना अजून काढायचाय.