९,२१४ तास

पप्पांचा कॉम्प्युटर सुरू व्हायला सात मिनिटं लागायची. अंदाजाने सांगत नाही, मोबाईलवर स्टॉपवॉच लावून मोजलंय. सकाळी शटर वर केलं की पप्पा आधी कॉम्प्युटरचं बटण दाबायचे. मग झाडू मारायचे, फोटोला उदबत्ती ओवाळायचे, समोर चहा सांगून यायचे. चहाचा शेवटचा घोट आणि पडद्यावरचा डेस्कटॉप साधारण एकाच वेळी यायचे. पेजमेकर उघडायला पुढे आणखी दीड मिनिट. गिऱ्हाईक घाईत असलं तर तोवर पप्पा त्याला गावाकडचं पीकपाणी विचारायचे.

तासगावात आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बारसं, उत्तरकार्य, पावतीपुस्तकं, बेदाण्याच्या बॉक्सवरची लेबलं. कॉम्प्युटर २००९च्या दिवाळीत जोडून घेतलेला. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, दोन जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क. मध्ये एकदा एक्सपी काढून विंडोज ७ टाकलं, तेवढाच काय तो बदल.

नवा घ्या म्हणून सांगणारे खूप होते. मीही त्यात होते. पण पप्पांची अडचण खरी होती. त्यांची सगळी जुनी कामं युनिकोडच्या आधीच्या फाँटांमध्ये आहेत. त्या फाँटात आपल्याला 'श्री' दिसतो, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. फाँट नसलेल्या मशीनवर तीच फाईल उघडली की गणपतीच्या नावाच्या जागी कचरा दिसतो. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ची, त्यानंतर आठवी आलीच नाही. आमच्याकडच्या सीडी कधीच हरवल्या होत्या. म्हणजे जे चालू होतं ते त्या एका डिस्कवर चालू होतं, आणि ती बंद पडली तर परत उभं करणं अवघड होतं.

मी २०२३च्या मे महिन्यात पुण्याहून परत आले. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला गेले होते. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचले, एकदा चार गुणांनी राहिलं. परत आल्यावर महिनाभरात लॅपटॉप गेला. दुरुस्तीवाला म्हणाला, मदरबोर्ड उडालाय, खर्च करू नका. मी तो पिशवीत घालून कपाटावर टाकला आणि पुस्तकांच्या खोक्यांसारखाच त्याच्याकडे बघायचं बंद केलं.

त्या लॅपटॉपमध्ये एक एसएसडी होती. २०१९च्या सुरुवातीला मेसचे पैसे वाचवून बुधवार पेठेतून घेतलेली. २४० जीबीची, अडीच इंची, पत्त्यांच्या कॅटाएवढी.

गेल्या नोव्हेंबरात पप्पांच्या कॉम्प्युटरमधून टकटक आवाज यायला लागला. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू होतो, आणि नेमका तेव्हाच. पप्पांनी कॅबिनेटला दोन थापा मारल्या. आवाज थांबला, संध्याकाळी परत आला. मी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर पेनड्राईव्हवरून टाकलं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवत असते, हे सॉफ्टवेअर ती वाचून दाखवतं. पिवळा इशारा आला. खराब झालेल्या जागा सोडून डिस्क दुसऱ्या जागांवर काम ढकलत होती आणि तो आकडा वाढत चालला होता.

त्याच खिडकीत आणखी एक ओळ होती. डिस्क आजवर किती तास चालू होती त्याची. ३८,६४०.

"म्हणजे काय?" पप्पांनी विचारलं.

"एवढे तास तुम्ही हिच्यासमोर बसलाय."

पप्पांनी चष्मा कपाळावर घेतला, आकडा परत वाचला. "जेवायला घरी जायचो की," म्हणाले.

रात्री मी लॅपटॉप खाली काढला. मागचे स्क्रू काढले, एसएसडी बाहेर घेतली. एसएसडीत हार्ड डिस्कसारखी फिरणारी तबकडी नसते. चिपमधल्या बारीक कप्प्यांत विजेचा भार अडकवून माहिती ठेवलेली असते. पण वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही तर तो भार हळूहळू गळतो, म्हणून ती कपाटात टाकून विसरायची वस्तू नाही. मी ती अडीच वर्षं विसरले होते. दुसऱ्या दिवशी साटा ते यूएसबी केबल मागून आणली, डिस्क जोडली, आणि मनात आलं की उघडली नाही तर बरं.

उघडली. सगळं जागच्या जागी होतं. 'मेन्स', 'मेन्स फायनल', 'मेन्स फायनल नवीन'. लेक्चरचे व्हिडिओ, पाच वर्षांच्या चालू घडामोडी, स्कॅन केलेल्या माझ्या वह्या, अभ्यासिकेतल्या मुलींबरोबरचे फोटो. आणि 'मुलाखत' नावाचं एक फोल्डर. त्यात काहीच नव्हतं. पहिली मुख्य परीक्षा दिली त्या रात्री उत्साहात करून ठेवलं होतं.

हिचीही तब्येत पाहिली. ९४ टक्के. चालू तास, ९,२१४.

मी हिशेब केला, अशा वेळी हिशेबच सुचतो. घेतल्यापासून साधारण सोळाशे दिवस. म्हणजे रोजचे पावणेसहा तास, आजारपण, दिवाळ्या, लॉकडाऊनमध्ये घरी काढलेले महिने सगळं धरून. पुस्तकातून वाचलेलं यात आलंच नाही. "पाच वर्षं काय केलं?" हा प्रश्न मला लग्नात, बसमध्ये, दुकानात विचारला गेलाय. उत्तर म्हणून दाखवायला माझ्याकडे कागद नव्हता. इथे एका यंत्राने कुणी न सांगता हजेरी मांडून ठेवली होती.

आता करायचं काय ते स्पष्ट होतं. पप्पांच्या डिस्कचा सी ड्राईव्ह, म्हणजे विंडोज, पेजमेकर आणि फाँटांसकट सगळा, जसाच्या तसा एसएसडीवर उतरवायचा. याला क्लोनिंग म्हणतात. सी ड्राईव्ह ९७ जीबीचा होता, एसएसडी विंडोजमध्ये २२३ जीबी दिसत होती. जागेचा प्रश्न नव्हता. पण क्लोन करताना ज्या डिस्कवर उतरवायचं ती आधी पूर्ण पुसली जाते.

पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुझं आहे ना त्यात? राहू दे. माझं चाललंय की."

"टकटक ऐकताय ना?"

"नवी आणू सांगलीहून. किती, दीड-दोन हजार?"

आणता आली असती. पण त्या दिवशी शनिवार होता, सोमवारी सकाळी तीन पत्रिका छपाईला जायच्या होत्या, आणि डिस्क सोमवार बघेल याची खात्री नव्हती. हे कारण मी पप्पांना दिलं. दुसरं कारण दिलं नाही. ती डिस्क कपाटावर होती तोवर मी मनातल्या मनात अजून परीक्षार्थीच होते. कुणी काही विचारलं की वाटायचं, आहे की सगळं, परत सुरू करता येईल. सुरू मात्र करत नव्हते.

माझ्याकडे ३२ जीबीचा एक पेनड्राईव्ह होता. वह्यांचे स्कॅन घेतले, फोटो घेतले. लेक्चर बसणार नव्हते, ते सोडले. पप्पांच्या डी ड्राईव्हवरच्या महत्त्वाच्या फाईली चुलतभावाच्या लॅपटॉपवर उतरवून ठेवल्या, कारण क्लोन करताना दुखरी डिस्क मधेच मान टाकू शकते. मग कॅबिनेट उघडलं. सोळा वर्षांची धूळ ब्रशने काढली.

साटाची जास्तीची केबल नव्हती. डीव्हीडी रायटर कित्येक वर्षांत कुणी वापरला नव्हता, त्याची डेटा केबल आणि पॉवरची पिन काढून एसएसडीला लावली. मदरबोर्ड जुना, त्याचं साटा तीन गिगाबिटचं. एसएसडीची क्षमता सहाची. म्हणजे ती इथे अर्ध्या वेगानेच पळणार. बायोसमध्ये एएचसीआय हा पर्यायही नव्हता. एका अर्थी बरंच झालं, कारण ती सेटिंग मध्येच बदलली तर विंडोज निळा पडदा दाखवून बसतं. बॅटरीही संपत आलेली होती, रोज तारीख मागे जायची. सीआर २०३२, घड्याळाच्या दुकानात मिळाली.

क्लोनिंग सॉफ्टवेअरने शेवटचं विचारलं की निवडलेल्या डिस्कवरची सगळी माहिती जाईल, पुढे जायचं का. पप्पा माझ्या मागे उभे होते. काही बोलले नाहीत. मी 'हो' दाबलं.

दीड तास लागला. मधे एकदा ४१ टक्क्यांवर सगळं थांबलं, हार्ड डिस्क टकटक करत राहिली, आम्ही दोघं श्वास धरून बसलो. चार-पाच मिनिटांनी आकडा ४२ झाला. पप्पा उठून चहा सांगायला गेले.

मग बायोसमध्ये एसएसडी पहिली केली आणि बटण दाबलं. पप्पा सवयीने झाडूकडे वळले होते. पडद्यावर डेस्कटॉप आला तेव्हा त्यांनी अर्धं दुकानही झाडलं नव्हतं. ३८ सेकंद. पेजमेकर क्लिक केलं न केलं तोच उघडलं. जुनी एक पत्रिका उघडली, श्री जागेवर होता.

अर्ध्या वेगाच्या साटावर हे कसं, असं भावाने विचारलं. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला आठ मिलिसेकंदांहून जास्त. दर बारीक फाईलसाठी सुईने योग्य पट्टीवर जायचं आणि तबकडीचा तो भाग खाली यायची वाट बघायची. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीक फाईली लागतात. एसएसडीत वाट बघणंच नाही. सात मिनिटांतला बहुतेक वेळ डिस्क वाट बघत होती.

सगळं सुटलं असं नाही. रॅम दोन जीबीच आहे. विंडोज ७ला जानेवारी २०२० पासून मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा अपडेट नाहीत, म्हणून त्या मशीनचं इंटरनेट मी काढून टाकलंय, फोटो-मजकूर पेनड्राईव्हने येतो. जुनी डिस्क बाहेर आहे. जुन्या फाईलींचा बॅकअप दोन ठिकाणी ठेवलाय, आणि पत्रिकांतला मजकूर मी हळूहळू युनिकोडमध्ये आणतेय. एसएसडी मात्र कॅबिनेटमध्ये दुहेरी चिकटपट्टीने चिकटवलीय. तिच्यात हलणारं काही नसल्याने चालतं.

सोमवारी पत्रिका वेळेत गेल्या. त्यातल्या एका नवऱ्यामुलाच्या मामांनी विचारलंच, "ताईंची पत्रिका कधी टाकताय या कॉम्प्युटरवर?" पप्पा म्हणाले, "आधी तुमचं बिल टाकतो."

दुकान बंद करताना मी पुन्हा ते सॉफ्टवेअर उघडलं. मला वाटलं होतं, सगळं पुसलं म्हणजे तासही शून्यावर आले असतील. तसं होत नाही. तासांची नोंद फाईलींबरोबर नसते, डिस्क ती स्वतःच्या आत वेगळी ठेवते. फॉरमॅट करा, क्लोन करा, ती जात नाही. आकडा होता ९,२४१. माझ्या तासांच्या पुढे तीन दिवसांचे आमचे तास जमा झाले होते.

मी सध्या दुकानात बसते. पुढचं ठरलेलं नाही. मोबाईलवर पाठवायच्या पत्रिका मी करते, छापायच्या पप्पा करतात. महिन्यातून एकदा तब्येत बघायला ते सॉफ्टवेअर उघडते, तेव्हा पप्पा काम थांबवून चष्मा वर करतात.

"किती झाले आपले?" विचारतात.