‘तुला काय वाटतं?’

मिरजेत बी.एस्सी. नर्सिंग, मग मुंबईत आयसीयू, मग अमेरिकेतल्या नर्सिंग परवान्यासाठीची एनक्लेक्स परीक्षा देऊन कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत पुन्हा आयसीयू, असा माझा प्रवास. नोकरी सांभाळून नर्सिंग एज्युकेशनमध्ये मास्टर्सही केलं. काम आवडीचं होतं, हाताला यश होतं. पण रात्रपाळीत एक गोष्ट सतत खुपायची. ब्लडप्रेशरच्या गोळ्या कधीच्या संपल्या आणि नव्या आणल्याच नाहीत म्हणून पक्षाघात झालेला शेतमजूर, साखर इतकी चढलेली की बेशुद्ध होऊनच आलेली बाई, पाय काळा पडेपर्यंत घरी बसलेले आजोबा. ही माणसं माझ्यापर्यंत येत तेव्हा फार उशीर झालेला असे. त्यांना आधीच कुणी तपासलं असतं, औषध लिहून दिलं असतं, महिन्याभराने पुन्हा बोलावलं असतं, तर पुढचं टळलं असतं. ते काम आपण करायचं, असं मी मनाशी ठरवलं आणि फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरच्या, म्हणजे स्वतः निदान करून औषध लिहून देणाऱ्या नर्सच्या, पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेटला नाव घातलं.

ज्यांच्याकडे नर्सिंगची मास्टर्स पदवी आधीच आहे, त्यांच्यासाठी हा अभ्यासक्रम असतो. विद्यापीठ तुमच्या जुन्या गुणपत्रिका तपासतं आणि काय झालंय, काय राहिलंय याचा तक्ता करून देतं. पाया तीन विषयांचा: प्रगत पॅथोफिजिऑलॉजी, प्रगत फार्माकॉलॉजी आणि प्रगत शारीरिक तपासणी. त्यावर तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या आजीपर्यंत सगळ्या वयांच्या माणसांचे आजार. थिअरीचा बराच भाग घरी बसून ऑनलाइन होतो. प्रत्यक्ष रुग्णसेवेचे तास मात्र दवाखान्यातच भरावे लागतात. २०२२च्या राष्ट्रीय निकषांनी हे तास किमान ७५० केले. त्याआधी ५०० पुरत. शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा आणि मग राज्याचा परवाना.

नर्स प्रॅक्टिशनर या भूमिकेची सुरुवात १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात झाली. लोरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्य परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, या दोघांनी अनुभवी नर्सेसना मुलांची तपासणी आणि उपचार शिकवणारा पहिला कार्यक्रम उभा केला. फोर्डबाईंनी खेड्यापाड्यांत काम केलं होतं. डॉक्टर दूर आणि नर्स दारात, ही परिस्थिती त्यांनी रोज पाहिली होती. सेंट्रल व्हॅलीत द्राक्षं, बदाम आणि टोमॅटोच्या शेतांत राबणाऱ्यांची अवस्था आजही फार वेगळी नाही.

मी ज्या सामुदायिक दवाखान्यात तास भरले, तिथल्या माझ्या प्रिसेप्टरबाई, म्हणजे प्रत्यक्ष कामात शिकवणाऱ्या मार्गदर्शक, स्वतः नर्स प्रॅक्टिशनर. शेतमजुराच्या घरात वाढलेल्या, स्पॅनिश मातृभाषा. त्यांची शिकवण्याची रीत ठरलेली. रुग्णाला आधी मी एकटीने पाहायचं, बाहेर येऊन दोन मिनिटांत सगळं सांगायचं. माझं सांगून झालं की त्या विचारत, “तुला काय वाटतं?” मी उत्तर दिल्याशिवाय स्वतःचं मत सांगत नसत.

केसपेपर चार भागांत लिहायचा असतो. रुग्ण काय सांगतो, तपासणीत काय आढळलं, त्यावरून निदान काय आणि आता करायचं काय. पहिले दोन भाग नर्सच्या हातात मुरलेले असतात. तिसऱ्यापाशी पेन थबकतं. आयसीयूत मी नॉरॲड्रेनलिनचा डोस मिनिटामिनिटाला वरखाली करत असे, पण ऑर्डर डॉक्टरांची असे. इथे ‘निदान’ या शब्दापुढची ओळ मला भरायची होती आणि खाली माझी सही येणार होती. या एका ओळीसाठी हे सगळं प्रशिक्षण आहे, हे मला तिथे कळलं.

अडीच वर्षांचा एक मुलगा आला. सर्दी, रात्रभर ताप, कान ओढतोय. आईला अँटिबायोटिक हवं होतं. मागच्या वेळी त्यानेच बरं वाटलं होतं. बाईंनी मला ऑटोस्कोप धरायला शिकवलं होतं. करंगळी मुलाच्या गालावर टेकवायची, म्हणजे त्याने मान झटकली तरी हात डोक्याबरोबर हलतो आणि टोक कानात रुतत नाही. इतक्या लहान मुलाची कानाची पाळी खाली आणि मागे ओढायची, मोठ्यांची वर आणि मागे. पडदा लालसर दिसला. पण रडणाऱ्या मुलाचा पडदा लाल होतोच. खरं पाहायचं ते तो फुगून बाहेर आलाय का आणि छोट्या रबरी फुग्याने हवा सोडल्यावर हलतो का. हा फुगलेला नव्हता आणि हलतही होता. बाहेर येऊन मी म्हटलं, “मधल्या कानाचा जंतुसंसर्ग नाही, विषाणूची सर्दी आहे. अँटिबायोटिक नको.” बाईंनी स्वतः कान पाहिला आणि मान डोलावली. मग पुढचं अर्धं काम: आईला समजावणं. वजनाप्रमाणे तापाचं औषध किती, पाणी किती प्यायला हवं, दोन-तीन दिवसांत ताप उतरला नाही, कान वाहू लागला किंवा मूल मलूल झालं तर लगेच यायचं. औषध न देण्याचा निर्णय घ्यायला औषध देण्यापेक्षा जास्त खात्री लागते. ती खात्री पुस्तकातून येत नाही. शेजारी उभं राहून तोच कान पुन्हा पाहणारं माणूस असावं लागतं.

जागा ओळखून विचार करायचा, हेही बाईंचंच शिकवणं. तीन आठवडे खोकला, रात्री घाम, दोनदा अँटिबायोटिक घेऊनही उतार नाही, आणि माणूस बदामाच्या बागेत धुळीत काम करणारा. दुसरीकडे कुठे असते तर माझी यादी न्यूमोनिया आणि क्षयापाशी थांबली असती. या खोऱ्याच्या कोरड्या मातीत कॉक्सिडिऑइड्स नावाची बुरशी राहते. धुळीबरोबर तिचे बीजाणू फुप्फुसात गेले की व्हॅली फीव्हर होतो. अँटिबायोटिकचा त्यावर काही उपयोग नसतो. मी रक्ताची तपासणी सुचवली. अहवाल आला, तोच आजार निघाला.

नर्स म्हणून अंगी मुरलेलं काही वाया गेलं नाही. एक पंजाबी आजी यायच्या, माझ्याशी हिंदीत बोलायच्या, ‘पुत्तर’ म्हणायच्या. मधुमेहाच्या तपासणीत पायाला नायलॉनचा बारीक तंतू टेकवून संवेदना पाहतात. टाचेजवळ त्यांना तो जाणवेना. गोळ्या वाढवण्याचा विचार करता करता मी विचारलं, “घरात चप्पल घालता का?” गुरुद्वारात लंगरची सेवा, घरातही अनवाणी. त्या दिवशी औषधाइतकीच सविस्तर चर्चा पादत्राणांची आणि रोज रात्री तळवे पाहण्याची झाली.

एक गोष्ट मात्र मनापासून सलते. अनेक संस्था फी भरून घेतात आणि प्रिसेप्टर शोधण्याचं काम विद्यार्थिनीवर टाकतात. मी महिनोन्‌महिने दवाखान्यांना फोन आणि ईमेल करत होते. बहुतेकांकडून उत्तरच येत नसे. ज्या तासांवर सगळं शिक्षण उभं आहे, तेच नशिबावर सोडायचे, हे चूक आहे. डॉक्टरांच्या संघटना म्हणतात की नर्स प्रॅक्टिशनरचे प्रशिक्षणाचे तास कमी पडतात. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. ७५० हा आकडा किमान आहे आणि त्यातला प्रत्येक तास कसदार असायला हवा. कॅलिफोर्नियात एबी ८९० कायद्याने अनुभवी नर्स प्रॅक्टिशनरना स्वतंत्रपणे काम करण्याची वाट दिली, पण त्याआधी काही वर्षांच्या कामाची अट घातली. मला ती योग्य वाटते.

माझी मावसबहीण कोल्हापूर जिल्ह्यात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. २०१८ साली आयुष्मान भारत योजना आली, उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, आणि बी.एस्सी. नर्सिंग किंवा आयुर्वेद पदवीधरांना सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स करून तिथे नेमण्यात आलं. तिशीवरच्या सगळ्यांचं बी.पी., साखर तपासणं, औषध सुरू आहे ना हे पाहणं, अडलं तर ई-संजीवनीवर डॉक्टरांना जोडून देणं, असं तिचं काम. अधिकार वेगळे, पण दारात पोचण्याची जबाबदारी तीच. फोनवर आम्ही रुग्णांबद्दल बोलतो तेव्हा जाणवतं, तिची नजर तयार आहे. ती आणखी पक्की करायला शेजारी बसणारं अनुभवी माणूस तिला पुरेसं मिळालेलं नाही.

महाराष्ट्रातल्या नर्सेससाठी नर्स प्रॅक्टिशनरसारखी पुढची पायरी नक्की उभी राहावी. आणि माझ्यासारखं कुणी इथे वा तिथे असा अभ्यासक्रम निवडत असेल, तर फी आणि कालावधी विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. प्रिसेप्टर संस्था देणार की तुम्ही शोधायचा? तास कोणत्या दवाखान्यात, कोणत्या वयाच्या रुग्णांबरोबर भरायचे? आणि तुम्ही केलेली तपासणी पुन्हा करून पाहणारं कुणी तिथे असेल का? या तिन्हींची ठोस उत्तरं मिळाली तरच पैसे भरा.