बांधावरचा वावळा

आमच्या मळ्याच्या बांधावर एक वावळा होता. बुंधा दोघांच्या कवेत मावत नसे. राखाडी साल, जागोजाग खपल्या सुटलेल्या. पान चुरगाळलं की असा उग्र वास, की हात धुवावा लागे. त्यामुळे असेल, त्याला कुणी पार बांधला नाही. वडाला सूत, पिंपळाला दिवा; वावळ्याला आमचे बैल.

थंडी सरताना तो पार उघडा व्हायचा. मग बारीक फुलं यायची, ती कुणाच्या ध्यानातही येत नसत. त्यामागून हिरव्या चकत्यांचे घोस. दुरून वाटे, पालवीच फुटली! वैशाखात चकत्या वाळून कागदासारख्या होत आणि वावटळ आली की रानभर भिरभिरत. आम्ही पोरं मधलं चपटं बी सोलून खायचो. चव थेट चारोळीची.

मला कॉलेजात घालायचं ठरलं, त्या उन्हाळ्यात आण्णांनी झाड विकलं. "हलकं लाकूड, सागाचा भाव कुठला?" व्यापारी म्हणाला. एरवी वांग्याच्या पाटीसाठी भांडणारे आण्णा गप्प राहिले. करवत चालू होती तोवर विहिरीवर जाऊन बसले. तिथं त्यांचं काही काम नव्हतं.

मी डबाभर बी वेचून ठेवलं.

कॉलेजात कळलं, विलायतेतल्या एल्मच्या कुळातलं हे झाड; 60 फुटांवर जातं. दिवाळीला घरी आलो तर खोडाला फुटवे, आणि भोवती बाभळीच्या काट्या रचलेल्या. कुणी रचल्या, ते विचारलं नाही.

पुढच्या पावसात डब्यातलं बी पेरलं. एक उगवेल तर शपथ!

"आरं, ह्याचं बी गळालं की मातीत घालायचं," आण्णा म्हणाले. "वरीसभर कोंडल्यावर काय ऱ्हातंय त्यात? बाकी ह्याला काय लागत न्हाई. मुरमाड चालतं, पानी कमी चालतं. ऊन तेवढं पुरं पायजे, आन् ल्हान हाय तवर शेरडं लांब."

मग कोयता घेऊन मला खोडापाशी नेलं. सात-आठ फुटवे कमरेच्या वर गेले होते.

"एकच ठिवायचा, म्हंजी झाड व्हतं. न्हाईतर झुडूप. तू यायची वाट बघत हुतो. कंचा ठिवू?"

मी विहिरीच्या अंगाचा दाखवला.