अठ्ठ्याहत्तर सेकंद

आमचं घर घाटकोपरला, विमानांच्या उतरणीच्या रस्त्यात. वहिनी बाळाला तासभर थोपटते आणि डोळा लागला रे लागला की डोक्यावरून एक जातंच. गेल्या शनिवारी ती वैतागून म्हणाली, "भाऊजी, तुम्ही इंजिनिअर ना? सांगा की त्यांना, जरा कमी उडवा म्हणून." मी आदल्याच रात्री बेंगळुरूहून याच रस्त्याने आलो होतो. गप्प बसलो आणि स्टॉपवॉच घेऊन गच्चीवर गेलो. (वीकेंडला आयटीवाल्याला दुसरं काय काम असतं म्हणा!)

मुंबई विमानतळाला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरायची. कोडिंगवाल्यांना 'लॉक' म्हटलं की लगेच कळेल. उतरणारं आणि उडणारं, दोघांनाही तोच लॉक हवा असतो. म्हणजे माझ्या डोक्यावरून गेलेल्या दोन विमानांमधली फट हीच पलीकडे रांगेत उभ्या असलेल्याची उडायची संधी. या हिशोबाने ११ नोव्हेंबर २०२३ ला एका दिवसात १,०३२ विमानांची ये-जा झाली. गर्दीच्या तासाला ४६, म्हणजे सरासरी ७८ सेकंदांना एक.

आता रांगेचं गणित आठवा. सर्व्हर नव्वद-पंच्याण्णव टक्के भरला की पुढच्या प्रत्येक टक्क्याला वाट पाहणं भसाभस वाढतं. विमानं चाळीस ते साठ मिनिटं हवेत घिरट्या घालतात असं मंत्रालयानेच म्हटलं, आणि २०२४ च्या सुरुवातीला ४६ चे ४४ करायला लावले. फरक किती, तर दर विमानामागे साडेतीन सेकंद! मला हा निर्णय पटला. त्याच वर्षी ८ जूनला एक विमान उडत असतानाच दुसरं त्याच धावपट्टीवर मागून टेकलं. कुणाला काही झालं नाही, पण फट म्हणजे काय ते तेव्हा सगळ्यांना दिसलं.

मग जास्त विमानं उडवायची कशी? एक जुना नियम आहे. उडाल्या उडाल्या दोन विमानांच्या वाटा किमान ४५ अंशांनी फाकणार असतील, तर मागचं मिनिटभरात सोडता येतं. एकाच वाटेवर जास्त थांबावं लागतं. कागदावर झकास! पण मुंबईत बहुतेक उड्डाणं पश्चिमेला होतात. पार्ले-जुहू ओलांडलं की समुद्र, म्हणजे सरळ गेलं तर आवाज थोड्याच घरांवर पडतो. लवकर वळवलं तर वर्सोवा नाहीतर खार-सांताक्रूझ. वर्सोव्याला माझी मावशी राहते, तिला हे सांगून बघू का?

उलटंही होतं. अमेरिकेत फिनिक्सला २०१४ मध्ये उड्डाणांच्या वाटा उपग्रहाने आखून अगदी नेमक्या केल्या. रेघेखालची माणसं कोर्टात गेली आणि २०१७ मध्ये जिंकली. सगळ्यांना थोडा त्रास की थोड्यांना सगळा, हे काही अल्गोरिदम ठरवत नाही.

आपल्याकडे २०१८ पासून मोठ्या विमानतळांच्या परिसरासाठी मर्यादा आहे, दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल. पण ती सरासरी आहे हो. बाळ काही सरासरीने जागं होत नाही, ते एका विमानाने होतं. निदान मध्यरात्रीनंतरच्या विमानांचा हिशोब तरी वेगळा मांडायला हवा, असं मला वाटतं.

डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईहून विमानं सुरू झाली. वहिनीला मोठ्या उत्साहाने सांगितलं, की आता थोडा भार तिकडे जाईल.

"मग तुम्ही पुढच्या शुक्रवारी तिकडेच उतरणार ना?"

तिकडून घाटकोपरला यायचं म्हणजे खाडी ओलांडून तास-दीड तास... मी मोबाइलमध्ये तिकीट बघितलं. मुंबईचंच होतं, रात्री साडेअकराचं.

"बघतो," म्हटलं.