दिवस मावळण्याच्या आत

गुजरातमधील भावनगर शहरापासून सुमारे ५० किलोमीटर अंतरावर पालिताणा हे गाव आहे. एके काळी ही एका लहान संस्थानाची राजधानी होती. आज गावाची ओळख आहे ती शेजारच्या शत्रुंजय गिरीमुळे. साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर नऊ टुकांमध्ये वसलेले मंदिरांचे नगर दिसू लागते. लहानमोठी मिळून ८०० हून अधिक जिनालये या एका डोंगरावर आहेत. त्यांच्या शिल्पकलेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. सुखाने जगण्याच्या ज्या साध्या सवयी हा डोंगर यात्रेकरूला एका दिवसात लावतो, त्यांच्याविषयी मात्र क्वचितच बोलले जाते.

यात्रेचा दिवस पहाटे अंधारात सुरू होतो. धर्मशाळांमधून जाग येते, स्नाने उरकतात आणि हातात काठी घेतलेले यात्रेकरू जय तळेटीच्या दिशेने चालू लागतात. मुंबई, पुणे, नाशिक, सोलापूर येथून आलेले व्यापारी या गर्दीत नेहमी असतात. आपल्या गावी सकाळी आठ वाजताही ज्यांना उठवावे लागते, ती तरुण मुलेही येथे चार वाजता तयार असतात. त्यांना कोणी रागावलेले नसते. सगळेच उठलेले असताना अंथरुणात पडून राहणे मनाला पटत नाही, इतकेच. सवय ही एकट्याच्या निश्चयापेक्षा घराच्या वातावरणातून लवकर लागते, हे तळेटीवरच ध्यानात येते.

चढताना ओझे नकोसे होते. बरोबर पूजेची वस्त्रे आणि पूजेचे साहित्य असले की पुरते. डोंगरावर अन्न खाऊ नये, ही जुनी मर्यादा असल्यामुळे डब्यांचा आणि पिशव्यांचा प्रश्न उरत नाही. वाटेत ठिकठिकाणी विसामे आहेत, कुंड आहेत आणि पिण्याच्या पाण्याची सोय आहे. अनुभवी यात्रेकरू दम लागण्याची वाट न पाहता विसाव्यावर क्षणभर टेकतो आणि पुढे निघतो. नवखा माणूस मात्र पहिल्या टप्प्यातच घाईने चढतो आणि मग कठड्याला धरून उभा राहतो. ज्यांना पायांनी चढणे शक्य नाही, त्यांच्यासाठी डोली असते. डोली उचलणाऱ्यांची पावले पाहावीत. त्यांना रोज हाच चढ चढायचा असतो, म्हणून ते आपली चाल कधी मोडत नाहीत.

वर पोहोचल्यावर आदीश्वर दादांच्या टुकेत दर्शन, पूजा आणि चैत्यवंदन होते. रायण वृक्षाखालील पादुका आणि पुंडरीक स्वामींचे मंदिर हेही यात्रेचे मुक्काम. मूळनायकाची आजची मूर्ती १५३१ मध्ये चित्तोडच्या कर्माशाह यांनी केलेल्या जीर्णोद्धाराच्या वेळची आहे. त्याआधी बाराव्या शतकात, राजा कुमारपाळाच्या काळात, बाहड मंत्र्याने येथे जीर्णोद्धार केला. त्या प्रसंगाची एक कथा परंपरेने चालत आली आहे. मोठमोठे श्रेष्ठी रकमा लिहवीत असताना भीमा नावाचा एक गरीब तूपविक्या तेथे आला आणि त्याने जवळचे सातच द्रम्म पुढे ठेवले. मंत्र्याने त्याचे नाव यादीत सर्वांत वर घातले. इतरांनी आपल्या संपत्तीतील काही भाग दिला होता, भीमाने होते ते सारे दिले होते. व्यापारी घरांतून ही कथा मुलांना आजही सांगितली जाते. दानाची सवय लागण्यासाठी श्रीमंत होण्याची वाट पाहावी लागत नाही, हा तिचा सरळ अर्थ आहे.

अशीच वाट न पाहणाऱ्या एका व्यापाऱ्याची खूण जवळच उभी आहे. मोतीशा शेठ हे एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे मोठे जहाजव्यापारी. मुंबईच्या पांजरापोळीच्या उभारणीत त्यांचा वाटा होता आणि भायखळ्याचे आदिनाथ मंदिरही त्यांनीच बांधले. शत्रुंजयावर दोन शिखरांच्या मधली कुंतासरची खोल दरी भरून काढून तिच्यावर त्यांनी टूक उभी केली. १८३६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि प्रतिष्ठेचा सोहळा १८३७ मध्ये त्यांच्या मुलाच्या हातून पार पडला. जे डोळ्यांनी पाहण्याची इच्छा होती, ते त्यांना पाहायला मिळाले नाही. पण काम सुरू झालेले होते, म्हणून ते पूर्ण झाले. ‘यंदाचा सीझन होऊ दे, मुलगा दुकानात रुळू दे, मग निवांतपणे करू’ असे म्हणणाऱ्या घरांनी या टुकेसमोर थोडा वेळ उभे राहावे.

दुपार कलू लागली की डोंगराची खरी शिकवण सुरू होते. वर मुक्काम करायचा नाही, दिवस मावळण्याच्या आत खाली उतरायचे, हा येथला नियम आहे. मंदिरे कितीही सुंदर असोत आणि मन कितीही रमलेले असो, ठरलेल्या वेळी पावले पायऱ्यांकडे वळतात. खाली उतरलेल्या यात्रेकरूला तळेटीशी भाते दिले जाते. उपाशी पोटी चढून उतरलेल्या माणसाला तो साधा खाऊही पक्वान्नासारखा लागतो. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते, प्रतिक्रमण होते आणि धर्मशाळा लवकर शांत होतात. झोप न येण्याची तक्रार करणारी मंडळीही येथे गाढ झोपतात.

वर्षाच्या हिशेबातही हीच मर्यादा पाळली जाते. आषाढी चौमासीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गिरीयात्रा बंद असते. पावसाळ्यात वाटेवर जीवजंतूंची उत्पत्ती होते, त्यांची विराधना होऊ नये म्हणून यात्रेकरू थांबतात. ही थांबण्याची ताकद इतिहासातही दिसली आहे. पालिताणा दरबाराने यात्रेवर मागितलेल्या कराच्या वादात, १९२६ ते १९२८ या काळात, जैन समाजाने यात्राच बंद ठेवली. प्राणाहून प्रिय असलेले तीर्थ समोर असताना लोक वर गेले नाहीत. अखेर १९२८ मध्ये तडजोड झाली आणि यात्रा पुन्हा सुरू झाली. ज्यांना रोजच्या जीवनात त्यागाची सवय होती, त्यांनाच इतका मोठा त्याग साधला.

व्यापारी माणसाला सुरुवात करणे सोपे जाते, अवघड जाते ते थांबणे. दुकान उघडण्याची वेळ ठरलेली असते, बंद करण्याची मात्र गिऱ्हाइकावर सोडलेली असते. रात्री दहा वाजता शटर खाली येते, तेव्हा घरातील लहान मुले झोपलेली असतात. जेवताना मोबाइलवर उद्याच्या मालाची बोलणी चालू राहतात. नफा वाढतो, पण तो ज्यांच्यासाठी मिळवायचा त्यांच्याशी दिवसातून चार शब्दही होत नाहीत. अशा घरातील माणूस पालिताण्याहून परततो तेव्हा प्रसन्न असतो आणि आठ दिवसांत पुन्हा पूर्वीसारखा होतो. दोष तीर्थाचा नाही, डोंगरावरची मर्यादा डोंगरावरच राहिलेली असते.

ती घरी आणण्याची साधने पूर्वजांनी देऊन ठेवली आहेत. नवकारशीचे पच्चक्खाण म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे तोंडात काही न घालणे. सामायिक तितक्याच वेळेचे. त्या ४८ मिनिटांत मोबाइल दुसऱ्या खोलीत राहिला, तरी मनाला विसाव्यावर टेकल्यासारखे वाटते. चौविहार सांभाळायचा तर सूर्यास्तापूर्वी ताटावर बसावेच लागते, आणि दुकानातून तासभर घरी आलेल्या माणसाला त्या निमित्ताने मुलेही भेटतात. चौदा नियमांची रीत तर व्यापाऱ्याला आपलीशी वाटावी अशीच आहे. आज किती द्रव्ये खायची, कोणते वाहन वापरायचे, किती वस्त्रे, कोणत्या दिशेला किती जायचे, हे सकाळी ठरवायचे आणि संध्याकाळी पडताळून पाहायचे. रोजमेळ न जुळवता पेढी बंद करणारा व्यापारी चांगला मानला जात नाही. दिवसभराचे बोलणे, वागणे आणि रोष यांचा मेळ रात्रीच्या प्रतिक्रमणात घातला जातो. नोकराला टाकून बोललेला शब्द किंवा भावाशी धरलेला अबोला त्याच रात्री ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणून मिटला, तर तो संवत्सरीपर्यंत व्याजासह वाढत नाही.

हे सारे नियम एकदम घेऊ नयेत. पहिल्याच टप्प्यात धावणारा यात्रेकरू कठड्याशी थांबतो, हे शत्रुंजयावर रोज दिसते. एक नियम घ्यावा, तो घरातील सर्वांनी मिळून घ्यावा आणि त्याची वेळ मोडू नये.

कार्तिकी पौर्णिमेला ज्यांना पालिताण्याला जाणे जमत नाही, त्यांच्यासाठी गावोगावी शत्रुंजयाचा चित्रपट मांडला जातो. महाराष्ट्रातील अनेक गावांत संघ त्याच्यासमोर जमतो, चैत्यवंदन करतो आणि मनाने तो गिरी चढतो. गुडघे थकलेले वृद्ध त्या दिवशी आवर्जून पुढे बसतात. डोंगर त्यांच्यापासून शेकडो कोस दूर असतो. सूर्यास्तापूर्वी उतरण्याचा त्याचा नियम मात्र कोणत्याही गावात, कोणत्याही पेढीवर, त्याच संध्याकाळी पाळता येतो.