मायसेनच्या चहादाण्या

वाचकहो, आपल्या घरातील काचेच्या कपाटात आजोबांच्या काळातली एखादी चिनी मातीची चहादाणी असेल, तर ती क्षणभर हाती घ्या आणि मनाने माझ्यासोबत जर्मनीतील मायसेन गावी चला. ड्रेस्डेनहून आगगाडी एल्बे नदीच्या खोऱ्यातून निघते आणि पाऊण तासाच्या आत टेकडीवरचा आल्ब्रेख्ट्सबुर्ग किल्ला दिसू लागतो. युरोपातील पहिल्या अस्सल पोर्सेलीनचा कारखाना १७१० साली या किल्ल्यात सुरू झाला.

त्यामागचा माणूस, योहान बोटगर, हा मूळचा बर्लिनमधील एका औषधविक्रेत्याकडचा उमेदवार. आपण सोने बनवू शकतो, असे त्याने भासवले. म्हणून सॅक्सनीच्या ऑगस्ट राजाने त्याला कैदेत ठेवून कामाला जुंपले. सोने काही झाले नाही, पण केओलिन ही पांढरी माती प्रखर भट्टीत भाजण्याचे तंत्र हाती आले. मात्र भट्ट्यांची विषारी वाफ आणि दारू यांनी पोखरलेला बोटगर १७१९ साली, अवघ्या ३७ व्या वर्षी गेला.

टेकडीचा चढ गुडघ्यांना मानवत नसेल, तर खालच्या नव्या कारखान्यालगतचे संग्रहालय पाहावे. १७३१ साली येथे आलेल्या योहान केंडलर या शिल्पकाराने राजाच्या प्राणिसंग्रहातील पशुपक्षी निरखून मातीत उतरवले. त्याच्या चहादाण्याही सजीव भासतात. कोंबड्याच्या चोचीतून चहा ओतला जातो, शेपटी हाताला मूठ होते. एका चहादाणीत माकडीण आपल्या पिलाला पोटाशी धरून बसली आहे, आणि त्या पिलाचे तोंड हीच चहादाणीची तोटी आहे.

आता आपल्या कपाटाकडे वळू. जुन्या भांड्यांवरच्या रंगांत बहुधा शिसे मिसळलेले असे. रंग आतपर्यंत आला असेल, झिजला असेल किंवा झिलईला बारीक तडे गेले असतील, तर त्या भांड्यात चहा करू नये. लिंबाचा तर मुळीच नको. आंबट पदार्थात शिसे लवकर उतरते, आणि साचत गेलेले शिसे रक्तक्षय, पोटदुखी, हातापायांची दुर्बलता निर्माण करते. अशी चहादाणी शोभेलाच ठेवावी.

परंतु शोभेची वस्तू वेगळी आणि रोजची सवय वेगळी. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींचे हात कापू लागले, तेव्हा घरच्यांनी काळजीपोटी त्यांची चहादाणी उचलून ठेवली आणि बाळाला देतात तसा तोटीचा प्लॅस्टिकचा पेला हाती दिला. आजींनी चहाच सोडला, हळूहळू पाणीही कमी केले. वयोमानाने तहानेची जाणीव मंदावलेली असतेच. आठवड्याभरात त्या भ्रमिष्टासारखे बोलू लागल्या. त्यांना सलाईन लावावे लागले. घरी आल्यावर मी सुचवले, की लहान, हलकी, रुंद मुठीची नवी चहादाणी आणावी, ती अर्धीच भरावी आणि चहा कोमट असावा. दोन्ही हातांनी धरता येईल असा कप द्यावा. आजी पुन्हा चहा ओतू लागल्या. थोडा सांडतो, पुसता येतो.

आपल्या वृद्धांची काळजी घेताना मायसेनची ती माकडीण आठवा. तिने पिलाला घट्ट धरले आहे खरे, पण त्याचे तोंड मोकळे ठेवले आहे.